कोरड्या रानातला मुक्काम

मित्रांनो, ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. चैत्राचा वद्य पक्ष लागला होता. चंदनसारच्या इमारतींवर ऊन ओतल्यासारखे पडत होते, आणि मी चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या माळ्यावर, जुना पंखा आणि पाण्याचे रिकामे पिंप यांच्या मधे, घडी होऊन पडले होते. मी एक जुनी राहुटी आहे. राहुटी म्हणजे लहान तंबू. दोन खांब, वर आडवी काठी, चारी बाजूंना तणावे आणि ते ताणून धरायला खुंट्या, एवढाच माझा संसार. तुम्ही म्हणाल, माळ्यावर निवांत पडायला काय वाईट? पण मला निवांतपणा सोसत नाही. माझा जन्मच मुळी उठण्यासाठी आणि निघण्यासाठी झाला. संध्याकाळी उभे राहायचे, सकाळी आवरायचे, पुढच्या गावाला लागायचे. अकरा वर्षे एका जागी पडून माझ्या घड्यांना मुंग्या आल्या होत्या.

मला प्लासिडने शिवले. प्लासिड किनाऱ्यावरचा शिडे शिवणारा कारागीर. मचव्यांना इंजिने बसली तशी शिडांची मागणी घटली आणि त्याच्या पडवीत जाड कापडाची गाठोडी पडून राहिली. एके दिवशी श्रीपत नावाचा एक तरुण शेतकरी नव्या तांदळाचे अर्धे पोते खांद्यावर टाकून त्याच्याकडे आला. बायकोला घेऊन वज्रेश्वरीच्या जत्रेला बैलगाडीने जायचे आहे, वाटेत मुक्कामाला काहीतरी आडोसा हवा, असे त्याचे म्हणणे. प्लासिडने शीड कापून मला शिवले, ऐनाच्या सालीच्या काढ्यात दोन रात्री बुडवून ठेवले आणि माझा रंग पिकल्या चिंचेसारखा झाला. "दर्यावरचं कापड आहे बाबा," तो श्रीपतला म्हणाला, "डोंगरात वारं कमी पडलं तर हिला करमायचं नाही."

श्रीपतची शेती कामणजवळ, खाडीच्या अगदी काठाला होती. खाडीकाठची शेती म्हणजे रोजचा पहारा. दिवसातून दोनदा खाडी भरते आणि दोनदा ओसरते. खारे पाणी शेतात शिरले तर दोन-तीन वर्षे भात पिकत नाही. म्हणून शेताला मातीचा मोठा बांध असतो आणि बांधात एक लाकडी दार असते. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडून शेतातले पाणी बाहेर सोडायचे, भरती यायच्या आत फळ्या सरकवून ती बंद करायची. श्रीपतने हे काम मिसरूड फुटायच्या आधीपासून केले. हातात कधी घड्याळ बांधले नाही. सकाळी तिथी कळली की दिवसभराची भरती-ओहोटी त्याच्या मनात आपोआप मांडली जाई.

मी मात्र त्या बांधावर फारशी गेले नाही. माझे दिवस चैत्रातले. भात झोडून झाले, वाल निघाले, की श्रीपत उघाडी भावावर सोपवी आणि बैल जुंपी. गाडीत मी, एक हंडा, सुक्या मासळीची पाटी, आणि माझ्यावर बसलेली रंभा. चिंचोटीहून महामार्ग, मग शिरसाडला वळून पारोळचा रस्ता. खाडी मागे पडे तसा हवेतला ओलावा जाई आणि डोंगर उघडेबोडके दिसू लागत. त्या कोरड्या रानात आमचा एक ठरलेला मुक्काम होता. डोंगराच्या पायथ्याशी भाताचे रिकामे खाचर, खाली कोरडा ओढा, आणि काठाला एक सपाट कातळ. तिथे आणखीही गाड्या सुटत. "श्रीपतची राहुटी लागली का?" असे लोक विचारत आणि माझ्या लाल रंगावरून आपली जागा ओळखत. रंभा तीन दगड मांडून चूल पेटवी. तिच्यामागे घरात सासू, दोन नणंदा, चार दीर होते. वर्षातून हे थोडेच दिवस तिला कोणी हाका मारत नसे. ती तिथे गाणी म्हणे, श्रीपतची चेष्टा करी. मी सगळे ऐकलेले आहे.

मग बैल विकले गेले. जत्रेला टेम्पो जाऊ लागले, सकाळी निघून संध्याकाळी परत. कामणच्या शिवारात गोदामे उभी राहिली. श्रीपतच्या शेजारच्यांनी जमिनी भरावाला दिल्या, तेव्हा त्याचा बांध एकटा पडला, आणि एकट्या बांधाने खाडी अडत नाही. शेवटी त्याच्याही शेतावर मुरूम पडला. कुटुंब चंदनसारला आले. मुलगा अल्पेश नोकरीला लागला होता, त्याला हे घर सोयीचे होते. मला टाकून द्यायचे ठरले होते, पण रंभेने मला माळ्यावर चढवले आणि पुढे पिंप लावून ठेवले.

आता त्या वर्षाकडे येते. श्रीपत ऐंशीला पोहोचला होता आणि त्याच्या आठवणी एकेक करून निघून चालल्या होत्या. आधी नावे गेली, मग माणसे. नात खुशी कॉलेजातून आली की तो तिला विचारी, "तू कोनाची गो?" ती हसून सांगे, "तुमचीच." हे घरच्यांनी सोसले असते. पण त्याला एक अस्वस्थपणा लागला होता. दिवसाच्या कुठल्यातरी वेळी तो एकाएकी उठे, धोतर वर खोचे आणि दाराकडे निघे. "चला, उशीर व्हतो. जावाचं हाय." कुठे, ते सांगता येत नसे. कधी सकाळी, कधी टळटळीत दुपारी, कधी दिवेलागणीला. अडवले की अंगावर येई, हात झटकी, मग तासाभराने आपणच खाली बसून रडे. दोनदा तो खरोखरच निघून गेला. दुसऱ्या वेळी महामार्गाच्या कडेने चिंचोटीच्या दिशेने चालताना सापडला, पायात चप्पल नाही, आणि शेजारून ट्रकमागून ट्रक जात होते.

त्या दिवशी अल्पेशने लोखंडी जाळीचे दार करायला सांगितले. बाहेरून कुलूप, किल्ली त्याच्याजवळ. तो वाईट मुलगा नव्हता. बापाला ट्रकखाली बघण्यापेक्षा कुलूप बरे, एवढाच त्याचा हिशेब. रंभेने ते ऐकले आणि भाजी निवडता निवडता म्हणाली,

"म्हातारा मानूस हाय तो. अरे, आपन गुरांनाबी दिवसाची सोडत व्हतो."

मग रंभेने आपल्या मनातली गोष्ट काढली. चैत्र चालू आहे, म्हणाली. त्यांना जत्रेची वाट आठवत असेल. चिंचोटीकडे का चालले होते? गाडीची वाट तीच. एकदा त्या जुन्या मुक्कामाला नेऊन आणू, मनाजोगते झाले की जीव स्थिर होईल. अल्पेशला ते पटले नाही, पण आईने आयुष्यात त्याच्याकडे फार कमी मागितले होते. त्याने थोडे दिवस रजा काढली आणि अट घातली. परत आल्यावरही बाबा असेच उठून निघाले, तर जाळीचे दार लागणार, आणि मग तिने एक शब्द बोलायचा नाही. रंभा हो म्हणाली.

आणि मित्रांनो, मला माळ्यावरून खाली काढले. माझ्यातून झुरळे पळाली, खुशी किंचाळली, रंभा मला झटकत राहिली. किती वर्षांनी मला ऊन लागले. मला तेव्हा श्रीपतचे काय होणार ते ठाऊक नव्हते. मला फक्त निघायचे होते.

जागा शोधायचे काम खुशीने फोनवर केले. पारोळच्या रस्त्याला एक कॅम्प तिने निवडला. फोटोत हिरवळ होती, रंगीत तंबू होते, बाथरूम होते. अल्पेशला बाथरूम पटले. सदतीस तंबूंचा तो कॅम्प सुमेध नावाच्या एका हसतमुख तरुणाचा होता. मुंबईतली नोकरी सोडून त्याने हा उद्योग मांडला होता. भोवतीचे रान वाळून पिवळे पडलेले, आणि त्याच्या कुंपणाच्या आत मात्र हिरवेगार गवत. रोज सकाळी लांबच्या विहिरीवरून टँकर येई आणि त्या गवताला पाणी पाजी. रंभेने ते गवत पायाने चाचपून पाहिले. "हे कुनाला घालतोस?" तिने विचारले. सुमेधला प्रश्न कळला नाही. त्याच्याकडे गुरे नव्हती.

माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "आजी, हे काय सर्कशीतून आणलंत?"

"शिडाचं हाय," रंभा शेजारच्या निळ्या तंबूकडे बघत म्हणाली. "दर्याचं वारं प्यालेलं. तुझा तो निला फुगा किती वारं पितो ते जरा बघू दे."

सुमेध मनमोकळा हसला आणि त्याने मला एका कोपऱ्यात जागा दिली. पण तिथे खाली फरशी होती. खुंट्या शिरेनात. शेवटी माझे तणावे झाडांच्या कुंड्यांना बांधले. मी उभी राहिले खरी, पण कुणाच्या लग्नात दुसऱ्याची साडी नेसून उभे राहावे तशी.

सूर्य डोंगराला टेकला आणि श्रीपत उठला. धोतर खोचले, चालू लागला. तो थेट फाटकाशी गेला. फाटकाला कुलूप होते. या भागात बिबट्या फिरतो, पाहुण्यांच्या काळजीने संध्याकाळी कुलूप लावावे लागते, असे सुमेधने नम्रपणे सांगितले. श्रीपतने फाटक धरले आणि हलवू लागला. आरडाओरडा नाही, शिवी नाही, फक्त लोखंडाचा तो आवाज. तिकडे गाणी लावलेली होती ती कुणीतरी बंद केली. पाहुणे आपापल्या तंबूंच्या दारात येऊन पाहत उभे राहिले. अल्पेश बापाच्या मागे उभा होता. त्याची नजर त्या कुलपावर होती, आणि रंभेची नजर अल्पेशवर. कुलूप टिकते, एवढे त्याला कळले होते. सकाळी उजाडताच तिने मला सोडायला घेतले.

दुसरा दिवस शोधण्यात गेला. मला गाडीच्या टपावर बांधले होते, त्यामुळे मीही शोधत होते. रंभेच्या डोक्यात जुन्या वाटा होत्या, पण वाटांवर आता दुसरेच काही उभे होते. आमराई होती तिथे उंच भिंत आणि भिंतीवर काचा. एका वळणाला टेकडी असायला हवी होती, तिथे खाण निघाली आणि टेकडीच्या जागी खड्डा. एका शाळेच्या मैदानात सावली होती, पण हातपंप दाबला की नुसता खोकल्यासारखा आवाज येई. रस्त्यात ज्याला विचारावे तो पुढच्या रिसॉर्टचा बोर्ड दाखवी. एकाने तर सुमेधच्याच कॅम्पचे नाव सांगितले. "तिथं सगळी सोय आहे, आजी." रंभा म्हणे, आम्हांला सोय नको, मुक्काम पाहिजे. लोक तिच्याकडे बघत राहत. पाणी नसलेल्या जागी कुणी मुद्दाम राहायला का जाईल, हे त्यांना उमजत नव्हते. त्यांच्या बायका सकाळपासून हंडे घेऊन उभ्या होत्या.

त्या कोरड्या रानात उन्हाने माझ्या शिवणी तडतडत होत्या. अल्पेशने दोनदा गाडी वळवायची भाषा केली. श्रीपत मागच्या सीटवर खिडकीतून बाहेर पाहत होता आणि खुशी त्याला थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजत होती. दुपार कलली तेव्हा डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटली. तिचे नाव कमळी. वारली पाड्यावर राहणारी, पन्नाशीची, काटक. रंभेने तिला कॅम्प वगैरे विचारलेच नाही. विचारले, जत्रेच्या गाड्या सुटायच्या ती जागा कुठली?

कमळीने मोळी सावरली. "ती व्हय? माझी आय सांगायची, लाल तंबू लागायचा म्हणून." मग ती गाडीच्या टपाकडे पाहू लागली. ती पुढे चालू लागली, गाडी मागून हळूहळू.

जागा तिथेच होती. खाचर होते, कातळ होता, ओढा होता. तीन दगड पडले होते, काळे. ते आमचेच की दुसऱ्या कुणाचे, देव जाणे. संडास नाही, दिवा नाही, नळ नाही. फोनची रेघ नाही. अल्पेशने कपाळाला हात लावला. कमळी ओढ्यात उतरली, एका वळणापाशी वाळू हातांनी उपसून तिने खड्डा केला आणि शेजारी उकिडवी बसली. खुशीने वाकून पाहिले तर खड्ड्याच्या तळाशी ओल चमकत होती. ती लगेच तांब्या बुडवायला गेली. "थांब गं पोरी," कमळी म्हणाली. "घाई करशील तर गढूळ पिशील." बऱ्याच वेळाने निवळ पाणी जमले. रंभेने पहिला घोट घेतला. खाडीकाठची माणसे कुठलेही पाणी आधी जिभेवर धरून मिठाची परीक्षा करतात. तिने तसेच केले आणि मान हलवली. "गोडं हाय."

मला तिथे मातीत उभे केले. आणि मित्रांनो, माझ्या खुंट्या कोणी ठोकल्या ठाऊक आहे? श्रीपतने. अल्पेश गाठ मारायला धडपडत होता, तेव्हा श्रीपतने त्याच्या हातातून तणावा काढून घेतला आणि न बघता तीच जुनी गाठ मारली. ज्याला नातीचे नाव आठवत नव्हते, त्याच्या बोटांना मी आठवत होते. खांबावर मी ताठ झाले, वारा आला, मी फुगले. रंभेच्या डोळ्यांना पाणी आले आणि ती त्याच डोळ्यांनी हसत होती. श्रीपत माझ्या सावलीत आडवा झाला आणि गाढ झोपला. "बघितलंस?" ती अल्पेशला म्हणाली. त्यानेही मान डोलावली. मलाही वाटले, झाले, पोहोचलो.

सूर्य मावळला. पाड्यावर चुलींचे धूर वर चढू लागले. आणि श्रीपत उठला.

"चला. उशीर व्हतो."

रंभेने त्याचा हात धरला. कातळ दाखवला, ओढा दाखवला, मला दाखवले. "आवो, आलो की आपन. हाच तो मुक्काम. आणखी कुठं जावाचं?" तो तिच्याकडे, ऐकत नसलेल्या मुलाकडे पाहावे, तसा पाहत राहिला आणि हात सोडवू लागला. दोघा-तिघांनी मिळून त्याला धरून ठेवले. पुन्हा तेच झटकणे, मग तेच रडणे. तो शांत झाल्यावर अल्पेश माझ्या दाराशी आईजवळ बसला. "आई, आता बास," एवढेच म्हणाला. तिने दिलेल्या शब्दाची त्याने आठवण करून दिली नाही. गरजच नव्हती. आणखी एक दिवस रजेचा होता, तो काढून निघायचे ठरले.

मी तुम्हांला खरे सांगते, त्या संध्याकाळी मला स्वतःचा राग आला. इतकी वर्षे मी स्वतःला त्याचा मुक्काम समजत आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीपतने नेहमीप्रमाणे विचारले, "आज तिथी कोनती?" हा प्रश्न तो घरीही रोज विचारी आणि रंभा दूध तापवता तापवता उत्तर देई. तिने सांगितले, "दशमी." दिवस तसा बरा गेला. कमळीने करवंदे आणली. तिच्याकडून कळले की सुमेधच्या कॅम्पाला पाणी नेणारा टँकर त्यांच्याच विहिरीवर लागतो आणि हंड्यांची रांग तो जाईपर्यंत खोळंबते. खुशी हे ऐकून ओशाळली, कारण त्या हिरवळीवर तिने पहिल्या दिवशी अनवाणी चालून घेतले होते.

संध्याकाळ झाली. रंभेने मुद्दाम लवकर जेवणे उरकायला घेतली. पोटात अन्न असले की त्याला धरून ठेवणे सोपे जाते. सूर्य गेला. श्रीपत बसून होता. पाड्यावरचे धूर वर चढून विरले. श्रीपत सुकटीची चटणी चाखत होता. रंभेने अल्पेशकडे पाहिले. खुशी हळूच म्हणाली, "आजी, झालं गं काम! आजोबा उठलेच नाहीत." भांडी आवरली, मनात पुन्हा आशा उगवली. आणि कंदील लावला जात असताना श्रीपत उठला, धोतर खोचले.

अल्पेश पुढे झाला. पण रंभेने त्याला हाताने मागे सारले. तिच्या तोंडावर काहीतरी वेगळेच होते. परवा सूर्य डोंगरावर असताना, काल धूर निघताना, आज जेवण झाल्यावर. तिने चपला घातल्या आणि त्याला धरण्याऐवजी ती त्याच्या मागून चालू लागली.

माझे तोंड खाचराकडे होते, म्हणून मी सगळे पाहिले. श्रीपत खाचराच्या बांधावर चढला. अंधुक उजेडात पाय चाचपडत, पण ठाम, बांधाच्या कडेकडेने गेला. एका ठिकाणी बांधाला पावसाचे पाणी काढून द्यायची मोरी होती, कोरडी ठणठणीत. तिथे तो वाकला. शेजारचे चपटे दगड उचलून एकावर एक मोरीत बसवू लागला. फटीत माती भरायला त्याने मूठभर धूळ घेतली, ती बोटांमधून गळून गेली. पुन्हा घेतली. रंभा काठावर बसली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे अल्पेश," तिने हाक मारली, "बाबा मुक्काम नाय शोधत रे. भरती आली का उघाडी लावाला जातो."

अल्पेशला काही उमजेना. इथे कुठली खाडी, तो म्हणाला, मैल न् मैल पाण्याचा थेंब नाही.

"खाडी कशाला पाहिजे त्याला? रोज सकाली तिथी विचारतो, आन् मी बया रोज सांगते. तेवढ्यावर पुढची भरती धरून चालतो तो. रोज जरा जरा उशिरा उठतो, ते आज इथं दिसलं. घरात मला कवा दिसलं असतं? तिथं दिवस कवा बुडतो तेच समजत नाय."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मुक्कामाला मलाच यावाचं व्हतं, वाटतं."

खुशी फोन घेऊन टेकाडावर पळत गेली. तिथे एक रेघ येत असे. वसईच्या खाडीची त्या संध्याकाळची भरती केव्हाची, ते तिने पाहिले आणि वरूनच ओरडून सांगितले. ती वेळ तेव्हा चालूच होती.

श्रीपतला शेवटच्या थराला दगड मिळेना. तो वाकून अंधारात चाचपडत होता, श्वास फुलला होता. अल्पेश बांधावर चढला. लहानपणी अशाच भरतीला बापाने त्याला झोपेतून उठवून बांधावर नेले होते आणि फळ्या एकेक करून हातात मागितल्या होत्या, हे त्याने त्याच दुपारी माझ्या सावलीत खुशीला सांगितले होते. आता त्याने कातळापाशी जाऊन एक चपटा दगड उचलला आणि बापाच्या पुढे धरला. श्रीपतने वर न बघता तो घेतला, मोरीत दाबून बसवला, तळव्याने चोपला. कान देऊन थोडा वेळ ऐकले.

"झालं," तो म्हणाला. "आता चढू दे कवढी चढते ती."

आणि तो घरी निघाल्यासारखा माझ्याकडे चालत आला, आत बसला, पाणी मागून प्यायला. कुणाला झटकले नाही. रडला नाही.

त्यानंतरचे आता थोडक्यात सांगते. जाळीचे दार लोहाराकडून आले होते, ते अल्पेशने लावून घेतले नाही. गच्चीवर ठेवले, त्यावर आता कारल्याचा वेल आहे. भरतीच्या वेळा खुशी आठवड्याच्या आठवड्याला सांगे, आणि त्या वेळेच्या जरा आधीच रंभा किंवा अल्पेश चपला घालून तयार राहत. सोसायटीच्या मागच्या बाजूला नाल्याकडे उघडणारे एक छोटे फाटक आहे. श्रीपत खाली जाऊन ते लोटून बंद करी, हाताने चाचपून पाही आणि वर येई. सोसायटीतल्या काही लोकांना हे हसू येई. वॉचमन मात्र त्या वेळेआधी फाटक आठवणीने उघडे करून ठेवी, म्हणजे आजोबांना बंद करता यावे.

श्रीपत पुढे दोन पावसाळे जगला. श्रावणात एका दुपारी, फाटक लावून वर आल्यावर, जेवणाआधी पडला तो उठला नाही. रंभा आता गॅलरीत खाट टाकून झोपते. गुडघ्यांनी तिला जत्रा बंद केली आहे, पण चैत्रात एकदा कमळीकडे जाऊन राहते आणि तिथे तिला कोणी हाका मारत नाही. अल्पेशची नोकरी चालू आहे. तो पूर्वीपेक्षा कमी बोलतो आणि घरी लवकर येतो. खुशी ठाण्याला एका कंपनीत लागली. मी तिच्याकडे असते, सुट्टीला ती मला डोंगरात नेते. सुमेधकडे खुशी स्वतः जाऊन बोलली. त्याने लगेच ऐकले असे नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायकांनी टँकर अडवला, तेव्हा त्याने हिरवळ वाळू दिली, आणि आता चैत्र-वैशाखात तो कॅम्प बंद ठेवतो. कमळी अजून मोळी वाहते. विहिरीवर तिचा नंबर मात्र लवकर लागतो. प्लासिड फार पूर्वीच गेला. त्याची सुई कुणी पुढे चालवली नाही, म्हणून माझी एक बाजू फाटली ती खुशीने यूट्यूब बघून शिवली. टाके वाकडे आहेत, पण धरून आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या कापडाला वर्षातून एकदा ऊन दाखवा, एवढे मागते. पण त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस सारखे दाराशी जात असेल, तर त्याला वेडे म्हणून हसू नका. कुलूप आणायला निघण्याआधी एकदा पायात चपला घाला, त्याच्या मागून जा, आणि तो कुठे जाऊन वाकतो ते नीट पाहा.